कोणती बिल्डिंग जड

घाटकोपरच्या डोंगरउतारावर आमची दहा बाय दहाची खोली. पाणी खालून हंड्याने आणायचं. आई-पप्पा जालन्याकडून आले तेव्हापासून दोघंही बिल्डिंगांवर बिगारी. मी लहान होते तेव्हा आई मला वाळूच्या ढिगाशी बसवून घमेली वाहायची. घरी जेवताना दोघं बिल्डिंगांबद्दलच बोलायचे. ही त्या मागच्या कामापेक्षा जड, ती हलकी, तिथे सावली बरी. किती उंच, ते कुणी बोलायचं नाही.

शिकत शिकत मी मुलुंडला कॉलेजात गेले. आमच्यात कॉलेज कुणी बघितलं नव्हतं. इंग्रजीत नापास झाले, केटी लागली. एकदा, मग परत. बाकीचे सगळे विषय सुटले. हा एक पेपर सुटला नाही तर डिग्री नाही.

त्या पेपरात दोन बिल्डिंगांचं चित्र देतात आणि त्यांची तुलना लिहायला सांगतात. मॅडमनी जादा तासाला सराव घेतला. एक जुनी चार मजली, एक काचेचा टॉवर. मी इंग्रजीत लिहिलं, चार मजली बिल्डिंग टॉवरपेक्षा जड आहे. मॅडमनी ते मोठ्याने वाचलं.

"जड? वजन केलंस का गं?"

वर्ग हसला. मागून एकजण म्हणाला, "हिने उचलली असेल, मॅडम."

"आईने उचललीय," मी म्हणाले. "टॉवरला माल मशीनने चढतो. चार मजलीला डोक्यावरून."

हसणं थांबलं. मला बरंही वाटलं नाही, वाईटही नाही. मॅडमनी वही परत दिली.

"खरं असेल. पण पेपर तपासणाऱ्याला चित्रात तुझी आई दिसत नाही ना. दिसतं तेवढं लिही. उंच, नवी, सुंदर."

परीक्षेत एक चाळ आली आणि एक टॉवर. मी लिहिलं, टॉवर चाळीपेक्षा उंच आहे, नवा आहे, जास्त सुंदर आहे. चाळ बुटकी आहे, जास्त अंधारी आहे. अशा दहा ओळी. हात आपोआप चालत होता.

घरी आईने विचारलं, "काय आलं होतं?"

"बिल्डिंगा."

"मग? आपलं लिहिलंस ना?"

"नाही. उंच आणि सुंदर लिहिलं."

ती भाकरी थापत राहिली. "बरं केलंस. आधी पास हो."

पास झाले. बेचाळीस मार्क. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट आहे.