शेगाव, संग्रामपूर आणि वाढवलेली डाळचक्की

शेगावला जायचं माझं वर्षभर चाललं होतं. कधी पाहुणे, कधी ह्यांची तब्येत, कधी नुसतंच "पुढच्या महिन्यात बघू." मग एका संध्याकाळी माझी लेक शुभांगी म्हणाली, "आई, मले कामानं शेगावकडं जायचं आहे तीन दिवस. खोलीचं भाडं एकीचं नि दोघींचं सारखंच आहे. येते का?"

भाडं सारखंच आहे म्हटल्यावर मी कशाला नाही म्हणते! पिशवी त्याच रात्री भरली.

शुभांगीचं काम काय, हे आमच्या गल्लीत कोणालाच नीट सांगता येत नाही, म्हणून आधी ते सांगते. विद्यापीठातल्या लोकांनी अभ्यास करून एक छोटी डाळचक्की बनवली. सरकारने ती चांगली म्हणून गावोगावच्या बायकांच्या बचत गटांना दिली. आता त्या संशोधनाचा आणि त्या योजनेचा गावाला खरोखर काय उपयोग झाला, हे तपासायचं काम शुभांगीकडे आहे. घरात नवा कुकर आला की आणणारा पावती दाखवतो, शेजारीण शिट्टी ऐकते. पण वरण शिजलं की नाही ते झाकण उघडल्यावरच कळतं. माझी लेक झाकण उघडून बघणारी.

नोकरी मात्र करारावरची. वर्षाची मुदत संपत आली होती, आणि पुढे ठेवतील की नाही हे ह्या अहवालावर होतं. पहिली फेरी तिच्या ऑफिसातल्या पोरांनी फोनवर केली होती. त्यात आकडे इतके छान आले की तिच्या सरांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. आता थोड्या गावांत प्रत्यक्ष जाऊन खात्री करायची, की झालं.

पहिला दिवस

मेहकरहून खामगावची सकाळची एसटी धरली. बायांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिडकीत बसून अर्ध्या पैशात पूर्ण गार वारा. जानेफळच्या पुढे रस्ता बरा आहे, अधेमधे हाडं मोजून घेतो. शेतांत तुरीच्या सोंगणीनंतरचे खुंट उरले होते. दशम्या आणि तिळाची चटणी घरूनच नेली होती. ज्यांना काटकसरीत जायचं असेल त्यांनी हेच करावं. स्टँडवरच्या वड्याच्या पैशात शेगावची कचोरी येते, आणि ती खायलाच पाहिजे.

खामगावला गाडी बदलून शेगाव गाठलं. दर्शनाच्या रांगेत गर्दी होती, पण धक्काबुक्की नाही. सेवेकरी हात जोडून "माउली, पुढे चला" म्हणतात, तेव्हा पायाचं दुखणं निम्मं होतं. महाराजांसमोर उभी राहिले आणि जे मागायचं ते मागितलं. माझ्या लेकीची नोकरी पुढे चालू राहू दे, अकरा नारळ देईन. एवढंच. देवापुढे लांबण लावू नये.

बाहेर येताना रांगेच्या दांड्याला हात लागला आणि डाव्या हातातली एक बांगडी गेली.

"आई, बांगडी फुटली का?" शुभांगीनं विचारलं.

"फुटली नको म्हणू वं. वाढवली म्हण."

"एक कमी झाली नि म्हणे वाढवली!" ती हसायला लागली. "तुमचं गणितच उलटं आहे."

आपल्यात सवाष्णीची बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. अशुभ शब्द जिभेवर येऊ नये म्हणून बायांनी काढलेली ही पळवाट. मंदिराबाहेरच्या कासारणीनंही माझा हात पाहून तेच विचारलं, "किती वाढल्या बाई?" डझन पन्नासला सांगत होती, मी चाळीसवर आणला. शुभांगी म्हणाली, "आई, देवाच्या दारात तरी!" मी म्हटलं, देवानंच अक्कल दिली.

दुसरा दिवस

सकाळी संग्रामपूरची बस. पूर्णेचा पूल ओलांडला की जमीन सपाट, काळी, भेगाळलेली, आणि समोर सातपुडा निळा पट्टा ओढल्यासारखा. हा खारपाण पट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. पिण्याचं पाणी सोबत ठेवा. संग्रामपूरहून पुढे ऑटोनं गेलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे वाचलं की कळेल का ते.

गटाच्या अध्यक्ष वनमालाताई. चाळिशीची बाई, मोकळी. शुभांगीनं कागद काढला. ह्या गावाच्या नावापुढे लिहिलेलं होतं, "काम वाढवले."

"ताई, काम वाढवलं म्हणून फोनवर सांगितलं होतं तुम्ही. बघू का चक्की?"

"हाव, चला ना. पाहून घ्या."

त्या आणि गटातल्या आणखी दोघीतिघी आम्हाला देवीच्या मंदिराच्या सभामंडपात घेऊन गेल्या. कोपऱ्यात चक्की उभी होती. तिच्यावर जुनी हिरवी साडी पांघरलेली, साडीवर वाळलेला झेंडूचा हार, पुढ्यात हळदीकुंकू, नारळाची शेंडी. आणि ज्या तोंडातून तूर आत जाते तिथे चिमणीनं काड्या आणून ठेवलेल्या.

शुभांगी साडीचं टोक हातात धरून उभी राहिली. "ताई, ही चालू नाही?"

"चालू कशी राहीन? आमी वाढवली ना!"

मी शुभांगीकडे पाहिलं. तिची नजर माझ्या हातावर, नव्या बांगड्यांवर होती. "आई," ती हळूच म्हणाली, "तुझी बांगडी."

तिला सगळं तिथल्या तिथे कळलं. फोनवर विचारणारी पोरं शहरात वाढलेली. ह्या बायांनी चक्कीची दसऱ्याला पूजा केलेली, तिला लक्ष्मी मानलेलं. लक्ष्मीला "बंद पडली" कसं म्हणणार? त्या म्हणाल्या, "वाढवली." पोरांनी लिहिलं, "काम वाढवले." आणि तो कागद आकडा होऊन वर गेला. त्यावर माझ्या लेकीची सही.

"पण वाढवली काऊन?" मी विचारलं.

वनमालाताईंनी पदर सावरला. "मावशी, आता तुमाले काय सांगायचं. जागा पाहा ना तुमी. देवीचा मंडप. आमी सहा जणी गटात. महिन्याचे चार दिवस एक ना एक बाजूला असतेच. चक्कीले दोन बाया लागतेत. आज ही नाई, उद्या ती नाई. तूर घेऊन आलेले लोक परत जाऊन राह्यले."

त्यांच्या सासूबाई खांबाला टेकून बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "मंग एकीनं तसंच हात लावला म्हनून बोंब झाली. कोनी लावला, कोनाले मालूम! सगळ्या एकमेकीकडं पाहे. बोलनं बंद. तवा मी म्हनलं, वाढवा माय हे, पहिले आपल्या घरचं सुख."

"मंडपात ठेवायचं कोणी ठरवलं?" शुभांगीनं विचारलं.

"सायेब आले होते ना. इथं फरशी पाह्यली, लाईट पाह्यली. म्हने लय मस्त जागा आहे."

"फरशी पाह्यली, बाया नाई पाह्यल्या," सासूबाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या.

मी स्वतः हे चार दिवस पाळते. त्यामुळे त्या बायांचं चुकलं असं माझ्यानं म्हणवेना, आणि देवीचं चुकलं असं तर नाहीच. चक्कीही चांगली होती. एकीनं मला डब्यातली जुनी डाळ दाखवली, पिवळीधमक, तुकडा नाही. सगळंच चांगलं होतं, फक्त कोणी आधी विचारलं नव्हतं.

"तुमच्याकडं हलवायची मग," मी म्हटलं.

"सरकारी वस्तू हाय मावशी. जागची हलवाची नसन."

"असं कोणी सांगितलं?" शुभांगी.

"कोनी नाई. आमी इचारलंच नाई. नि तुमच्यातलंबी कोनी इचाराले आलं नाई."

शुभांगी मंडपाबाहेर ओट्यावर गेली आणि तिनं फोन काढला. मला कळलं ती कोणाला लावते आहे. मनात आलं, थांब म्हणावं. आधी घरी जाऊ, शांतपणे विचार करू. कालच तर मी नवस बोलले होते. तोंडापर्यंत आलेला शब्द मी गिळला.

"सर, माझ्या अहवालात चूक आहे," ती म्हणाली. नमस्कारानंतरचं पहिलंच वाक्य. "'वाढवलं' म्हणजे काम जास्त केलं नाही, सर. बंद केलं. बांगडी वाढवतात ना, तसं."

पलीकडून सरांचा आवाज आला, ओट्यावरून मलाही ऐकू येण्याइतका. "अगं, तो अहवाल वर गेलाय. त्याच्या आधारावर चक्की द्यायच्या पुढच्या गावांची यादी होतेय."

"म्हणूनच आत्ता फोन केला, सर. यादी व्हायच्या आधी."

"अशी किती गावं असतील?"

"ते कागदावरून नाही सांगता येणार. जाऊनच बघावं लागेल."

"आणि तुझा करार? त्याचा विचार केलास?"

"केला, सर," ती म्हणाली. त्यावर सर म्हणाले, "बरं. उद्याचं गाव बघ, मग लेखी दे."

फोन ठेवून ती आत आली तेव्हा कान लाल झाले होते. लहानपणी पाढा चुकला की व्हायचे तसेच. सासूबाईंनी तिला जवळ बसवलं, हातात गुळाचा खडा दिला आणि मला म्हणाल्या, "बाई, तुमची पोर लय खरी हाय वो." मी मान हलवली. दुसरं काही केलं असतं तर रडूच आलं असतं.

तिसरा दिवस

दुसरं गाव ऑटोच्या रस्त्यावरच होतं. तिथली चक्की सुमनबाईंच्या ओसरीत, गोठ्याला लागून. आवाज कोपऱ्यापासूनच ऐकू आला. दारात तुरीची पोती, अंगावर पिवळी धूळ, म्हैस आपली निवांत कोंडा खात होती.

शुभांगी आता शहाणी झाली होती. तिनं विचारलं, "वाढवली नाही ना हो?"

सुमनबाई पिठाळ हातांनी हसल्या. "शुभ बोला बाई! वाढवू काऊन? चालून राह्यली ना."

तिथे बायांनी चक्की आल्याआल्याच सांगितलं होतं म्हणे, मंडपात नको, आमच्या ओसरीत ठेवा. तिथे ऐकणारं कोणी भेटलं होतं. सारखीच चक्की, एकच योजना, मधे अर्ध्या तासाचा रस्ता. शुभांगीनं ओसरीतच बसून लिहायला घेतलं. आधी बायांना विचारा, मग फरशी बघा, असं काहीतरी तिनं तिच्या शुद्ध भाषेत लिहिलं. ते लिहिताना तिचा चेहरा कौतुकाच्या दिवशी होता त्याहून चांगला दिसत होता. निघताना मी एक पायली डाळ विकत घेतली. फुकट देत होत्या, घेतली नाही. भाव मात्र केला.

परतीच्या एसटीत ती माझ्या खांद्यावर झोपली. जानेफळच्या आधी जागी होऊन म्हणाली, "आई, तू नवस बोलली होती ना नोकरीचा? मी बिघडवला का?"

"झोप गुमान," मी म्हटलं.

घरी

आठ दिवसांनी वनमालाताईंचा फोन आला. शुभांगीनं परवानगी मिळवून दिली होती. चक्की आता त्यांच्या गोठ्याशेजारच्या खोलीत गेली. "हलवली बाई," त्या ओरडून सांगत होत्या, "पन वाढवली नाई हां! लिहून घ्या नीट!"

शुभांगीच्या फोनवरच्या प्रश्नांत आता तो शब्द नाही. चालू आहे की बंद, आणि कोणी डोळ्यांनी पाहिली, एवढंच. बाकीच्या गावांना लोक पाठवले आहेत. काय निघेल ते निघेल.

कराराचं पत्र अजून आलेलं नाही. तीन दिवसांचा दोघींचा खर्च, बांगड्या आणि डाळ धरून, मी ठरवला होता त्याच्या आतच बसला. पण परवा मी बाजारातून अकरा नारळ आणले. ह्यांनी विचारलं, "काम झालं का पोरीचं?"

"झालं," मी म्हटलं. "तिनं केलं."

दहा नारळ शेगावला जाणाऱ्या शेजारणीकडे दिले. अकरावा घरच्या देवापुढे घेऊन बसले. आतून शुभांगीनं विचारलं, "आई, फोडते का गं?"

"वाढवते," मी म्हटलं, आणि एकाच घावात दोन वाट्या झाल्या. एक प्रसादाची. दुसरीची चटणी केली, त्या नव्या डाळीच्या वरणासोबत.