कार्ड पाकिटात, मेल बंगळुरात

भुताखेतांच्या कथा मला पुराव्याअभावी सदैव अमान्य आहेत. या सदरातील काही अनुभव वाचून मी संपादकांना खरमरीत पत्रेही धाडली आहेत. आज त्याच सदरासाठी लेखणी उचलावी लागते आहे... नाइलाज आहे.

स्थळ: वसईजवळच्या होळी गावातील आमचे घर. काळ: २००८चा उन्हाळा, टळटळीत दुपार. माझी मुलगी वृंदा हिची बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत निवड झाली होती. होकार पाच वाजेपर्यंत ई-मेलनेच कळवावा, अन्यथा जागा दुसऱ्यास दिली जाईल, असा फोन त्याच दुपारी आला. आणि गावात भारनियमन! आमचे इंटरनेट बंद, बाजारातले सायबर कॅफे बंद. मार्ग एकच. शेजारी फ्रान्सिसकडे इन्व्हर्टर होता आणि त्याच्या वायरलेस इंटरनेटचा पासवर्ड त्याने आम्हाला आपणहून दिलेला होता. तो सहकुटुंब मुंबईला गेला होता, घराला कुलूप; पण इन्व्हर्टरवर त्याचे वायरलेस चालूच असणार आणि ते आमच्या घरापर्यंत पोहोचणार, असा माझा हिशेब.

परंतु वृंदाच्या नव्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली होती, आणि लिनक्सला आतले वायरलेस कार्ड काही केल्या ओळखू येईना. ‘सर्व चालेल’ असे दुकानदाराने मला बिलावर लेखी दिलेले! वृंदा सीडीवरून कार्ड चालवणारे ड्रायव्हर प्रोग्राम एकामागून एक घालून पाहत होती. मी दुकानदाराला फोन लावला.

"काका, लिनक्सची जबाबदारी आपली नाय. कार्डावरचा नंबर सांगा, मग बघू."

वृंदाने खालचे झाकण उघडून कार्ड बाहेर काढले. नंबर ऐकून तो म्हणाला, "हे लिनक्सवर नाय चालणार. उद्या बदलून देतो."

उद्या! संतापाने मी ते कार्ड मुद्देमाल म्हणून पाकिटात घातले, त्यावर लाखेची मोहोर केली आणि पत्नीला साक्षीदार म्हणून सही करण्यास सांगितले.

"अहो, पोरीची नोकरी चाललीय आणि तुम्ही लाख कसली वितळवत बसलाय?"

"ग्राहक मंचात हाच पुरावा—"

"बाबा..." वृंदाचा आवाज विचित्र झाला होता. "मेल गेला."

इतका वेळ आउटबॉक्समध्ये अडकलेला होकार ‘सेंट’मध्ये दिसत होता. केबल जोडलेली नव्हती. लॅपटॉपला ब्लूटूथ नव्हते. कार्ड माझ्या हातातील पाकिटात, लाख अजून गरम! वृंदाने लिनक्सला पुन्हा विचारले. यंत्रात वायरलेस उपकरणच नाही, असे उत्तर आले. एवढ्यात बंगळूरहून फोन — होकार मिळाला, रुजू व्हा.

सायंकाळी फ्रान्सिस परतला. मी आभार मानू लागताच तो बघतच राहिला. "भाऊ, निघताना मेन स्विच मीच खाली केला. इन्व्हर्टरपण बंद. घरात लाइटच नव्हती, तर नेट कुठलं?"

मी संस्थेच्या संगणक विभागाला पत्र लिहिले. मेल नेहमीप्रमाणे आला, त्यात गैर काही आढळले नाही, असे त्यांनी कळवले. दुकानदार तर हसला. "काका, काम झालं ना? मग तक्रार कसली?" मी तक्रारीचा मसुदा घडी घालून परत खिशात ठेवला, आणि तसे सहसा घडत नाही.

वृंदा बंगळूरलाच आहे. फोनवर बोलता बोलता मध्येच विचारते, "बाबा, माझा होकार नेला कोणी?"

आयुष्यभर प्रत्येक कार्यालयाकडून लेखी खुलासा मागणारा मी... तिला एवढेच सांगतो, "चौकशी चालू आहे."