वॉचमनची लावणी

आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीचा वॉचमन साताऱ्याकडचा, फौजेतून निवृत्त झालेला. चालायचा ताठ, बोलायचा मोजकं. पण येता-जाता उभ्या स्कूटरच्या आरशात वाकून भुवया बोटाने नीट करायचा.

कारगिलची लढाई चालू होती. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा तिकडे होता आणि काकूंचं जेवणावरून मन उडालं होतं. एका दुपारी जिन्यात हसणं ऐकू आलं म्हणून मी वर गेलो. काकूंची साडी युनिफॉर्मवरच नेसून, ओठांना लिपस्टिक लावून वॉचमन त्यांच्या दारात लावणी करत होता. मान इतकी नजाकतीने वळवत होता की क्षणभर मीही पाहत राहिलो. काकू हसता हसता डोळे पुसत होत्या.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. सोसायटीतल्या दोघा सभासदांनी तक्रार केली, तेव्हा त्याला बोलावून म्हटलं, "असले चाळे इथे चालणार नाहीत."

"साहेब, एकाहत्तरला छावणीत मीच बाई व्हायचो. सकाळी लढाईवर जायाची पोरं म्होरं बसायची. हसून जायाची. त्यातली काही परत आलीच न्हाईत."

"ही छावणी नाही."

"जी साहेब."

तो पुन्हा तिसऱ्या मजल्यावर गेला नाही. मुलगा पुढे सुखरूप परतला, पण तोवर काकू रोज दुपारी दार उघडं ठेवून बसायच्या. एकदा मला म्हणाल्या, "वॉचमन रुसला का रे माझ्यावर?"

"ड्युटी बदललीय त्याची," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि दार लावून घेतलं.