बारावीसाठी बसवलेली मेंढरं

वडनेर भोलजीच्या शाळेत मी इंग्रजी शिकवतो. शाळा सुटल्यावर आणि रविवारी, बाहेरून बारावीला बसणाऱ्या मुलामुलींना मदत करतो. कोणी जिनिंगवर कामाला असतं, कोणी सुरतेला, कोणी पुण्याच्या बाजूला एखाद्या गोदामात. वर्गात येणारे थोडे, फोनवरचे जास्त. मी धडा आवाजात रेकॉर्ड करून पाठवतो, ते उत्तरं रेकॉर्ड करून परत पाठवतात. लोक या कामाचं कौतुक करतात तेव्हा मला अवघडल्यासारखं होतं. त्यांना कौतुक दिसतं, मला मी केलेले घोटाळे दिसतात. त्यातला एक आज सांगतो.

ती मेंढपाळांच्या घरची धाकटी सून. माहेरी दहावी झालेली, मग लग्न, मग एक लेकरू. त्यांचं घर घाटावर, बीबीच्या बाजूला. दिवाळी झाली की सगळं कुटुंब मेंढरं घेऊन घाट उतरतं आणि आमच्या काळ्या जमिनीच्या मुलखात गावोगाव फिरतं. संसार घोडीच्या पाठीवर. ज्याचं पीक निघालं तो शेतकरी त्यांना वावरात बोलावतो, मेंढरं रात्रभर तिथं बसतात, लेंडीमुताचं खत होतं आणि शेतकरी त्यांना धान्य देतो. आमच्याकडे याला मेंढरं बसवणं म्हणतात.

एका मार्चमध्ये ती लेकरू कडेवर घेऊन शाळेच्या फाटकाशी आली. म्हणाली, "सर, बाहेरून बारावी करता येते म्हणं?"

मला इतका आनंद झाला की पुढचं सगळं मी घाईत केलं. पावसाळ्यात तिचा फॉर्म भरला तेव्हा ती घाटावर होती. तिच्याकडून कागद मागवले आणि केंद्र आमच्याच गावचं टाकलं. मी तिला मार्चमध्ये इथं पाहिलं होतं, म्हणजे मार्चमध्ये ती इथंच असणार, असा माझा हिशोब. तिच्या घरच्या कोणाला विचारलं नाही. शाळेच्या वेळापत्रकासारखंच मेंढरांचंही असतं असं मी धरून चाललो. खरं तर त्या वर्षी त्यांची घोडी आजारी पडली म्हणून ते इथं अडकले होते. एरवी परीक्षेच्या दिवसांत ते पूर्णा नदी ओलांडून सातपुड्याच्या पायथ्याला गेलेले असतात.

हे मला कळलं ते हॉल तिकीट आल्यावर.

अभ्यास मात्र तिचा चोख चालला होता. तिच्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये मागे कोकरं ओरडत असायची. एकदा तिनं इंग्रजी पत्रलेखन तोंडी पाठवलं, त्यात मुख्याध्यापकांना विनंती करता करता मध्येच "हाट, हाट, ए सरक तिकडं!" असं होतं. मी ते वर्गात ऐकवलं. मुलं हसली, पण पत्र बरोबर होतं.

हॉल तिकीट घेऊन मी मोटारसायकलवर त्यांना शोधत गेलो. नदीच्या अलीकडे एका कपाशीच्या वावरात सापडले. पऱ्हाटीचा पाला मेंढरं खात होती. सासरे बाजेवर बसून सुतळी वळत होते. मी केंद्राचं सांगितलं. त्यांनी हातातली सुतळी थांबवली नाही.

"सर, आमी तर परवा नदी उतरणार. कामून असं केलं तुमी? मला एक फोन करायचा व्हता."

"माझी चूक झाली," मी म्हणालो. "तिला आमच्या घरी राहू द्या. माझी बायको आहे, पोरी आहेत. पेपर संपले की मी आणून सोडतो."

यावर सासूबाई पुढे आल्या. "महिनाभर? अन् कोकरं कोण पाजील? पोरगा दिसभर मेंढरामागं, म्हातारा असा. एक बाई कमी झाली तर आमचं बिऱ्हाड हालत नाय."

सून चुलीपाशी होती. तिनंही मान हलवली. "मी तिकडं राहिले तर ध्यान इकडंच राहील, सर."

मी तिथंच उभा. उन्हात बसून तिनं पाठ केलेले सगळे धडे माझ्या डोळ्यांसमोर आले. माझ्या घाईमुळे ते वाया जाणार होते. पुन्हा वर्षभरानं तिला सवड मिळेल की नाही, कोण सांगणार?

सासऱ्यांना माझी दया आली असावी. म्हणाले, "तुमच्या गावाच्या शिवारात वावरं मिळाली तर थांबू. पर एका वावरात मेंढरं किती बसणार? चार दिस झाले की दुसरं पायजे. तुमी वावरं बघा. वावर हाय तवर आमी हाय. वावर संपलं का निघालो."

असं ठरलं. पुढचे दिवस मी शाळा सुटली की शिवारात हिंडायचो. पहिली दोन-तीन वावरं सहज मिळाली. मग अडलं. कोणाच्या गव्हाला अजून वेळ, कोणी ट्रॅक्टर सांगून ठेवलेला, कोणाला मेंढरांची कटकट नको. तिचा इंग्रजीचा पेपर झाला, मराठीचा झाला, आणि मेंढरं ज्या वावरात होती तिथलं बसणं संपत आलं.

तेव्हा मी ते केलं.

गावात दोन चुलतभाऊ आहेत. वावराला वावर लागून, मध्ये एक धुरा, म्हणजे बांध. त्या धुऱ्यावरून त्यांचं वर्षानुवर्षं बोलणं बंद आहे. मी थोरल्याकडे गेलो आणि म्हणालो, "धाकट्यानं मेंढरं सांगितली आहेत. खत चांगलं पडेल त्याचं."

थोरला उठून उभाच राहिला. "मंग मले काऊन नाही इचारलं?"

"आता विचारून राह्यलो ना."

"त्याच्या वावरात मेंढरं बसतीन अन् माह्या वावरात काय कुत्रे बसतीन? पह्यले माह्याकडे आणा. धान्य त्याच्यापेक्षा जास्त देतो म्हना."

तिथून मी धाकट्याकडे गेलो आणि त्यालाही तेच सांगितलं, फक्त नाव बदलून. या वेळी निदान अर्धं तरी खरं होतं. तोही उठला. या वयात मला एवढं सफाईनं खोटं बोलता येतं हे त्या संध्याकाळी कळलं.

पण मेंढरं थांबली. आधी थोरल्याच्या वावरात, मग धाकट्याच्या. राज्यशास्त्र झालं, इतिहास झाला. ती सकाळी कोकरं पाजून, डोक्यावरचा पदर ठीक करत शाळेत यायची. लेकरू सासूपाशी. पेपर सुटला की लगबगीनं वावराकडे. मी व्हरांड्यातून बघायचो आणि मला बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय याचंही वाईट वाटायचं.

मग एका सकाळी चहाच्या टपरीवर दोघे भाऊ समोरासमोर आले. बोलत नाहीत, पण एकमेकांना ऐकू जाईल असं टपरीवाल्याशी बोलतात. थोरला म्हणाला, "काही लोकायचं पाहून आमी मेंढरं नाही सांगत बाप्पा." धाकटा म्हणाला, "आमी तर सांगतलीच नोयती. सर म्हने थोरल्यानं सांगतली." मी नेमका तिथंच, हातात कप. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. वर्षानुवर्षांनंतर त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं.

"सर," थोरला म्हणाला, "तुमी पोराइले इंग्रजी शिकवता का लावालाव्या?"

टपरी हसली. मी माफी मागितली. कोणासाठी केलं तेही सांगितलं. थोरला जरा नरमला, पण धाकट्याला राग गेला नाही. मेंढरं तेव्हा त्याच्याच वावरात होती. "उद्या हलवा," एवढंच म्हणाला आणि चहा तसाच ठेवून गेला.

दोन पेपर राहिले होते.

घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सगळ्या गावचे वावरं फिरून आले तुमी. आपलं वावर काय शिवाराच्या बाहीर हाये?"

हेच ते, जे मी स्वतःशीही बोललो नव्हतो. आमचं दोन एकर हायवेपासून जवळ आहे. हरभरा काढून झाला होता. ठिबकच्या नळ्या मात्र तशाच अंथरलेल्या. मेंढरांच्या खुरांनी नळ्या फुटतील, भुईमुगाची तयारी लांबेल, असं मनात धरून मी आपल्या वावराचा विचार एकदाही पुढे येऊ दिला नव्हता. दुसऱ्यांना खताचे फायदे सांगत फिरलो. दोन भावांना एकमेकांवर घातलं. पण स्वतःच्या नळ्या गोळा केल्या नाहीत.

"नळ्या आहेत," मी म्हणालो.

"मंग गुंडाळा. मी येतो तुमच्या संगं." आमच्याकडे बायकाही येतो, जातो असंच बोलतात.

ऊन उतरल्यावर आम्ही दोघांनी नळ्या गुंडाळल्या. कमर धरली माझी, तिनं दोनदा हसून घेतलं. दुसऱ्या दिवशी मेंढरं आमच्या वावरात आली. पांढरी, काळी, तपकिरी, सगळा दोन एकर हलतोय असं वाटत होतं. माझ्या मुली कोकरं सोडायला तयार नव्हत्या. सून बाभळीखाली बसून समाजशास्त्र वाचत होती आणि पायानं लेकराची झोळी हलवत होती.

मी सासऱ्यांजवळ बसून भावांचं सगळं सांगून टाकलं. ते हसले. "आमाला ठाऊक व्हतं, सर. मेंढरं बोलवणारा माणूस आधी मेंढरं बघतो. ह्ये दोघं आले अन् धुऱ्याच्या पल्याड बघत उभे राहिले. म्हनलं, सरांनी कायतरी केलंय."

"मग मला बोलला का नाही?"

"सुनंचे पेपर चालू व्हते ना," ते म्हणाले, जणू यात विचारण्यासारखं काय आहे.

शेवटचा पेपर देऊन ती आली, तेव्हा बिऱ्हाड बांधायला सुरुवात झाली होती. सासूनं लेकरू तिच्याकडे दिलं. "झालं का समदं?" "झालं." एवढंच. मग दोघी मिळून घोडीवर ओझं चढवू लागल्या. माझ्या बायकोनं पुरणपोळ्या केल्या होत्या, त्या तिनं गाठोड्यात कोंबल्या. त्यांची वाट या वर्षी चुकलीच होती. नदीपलीकडे आता चारा उरला नसणार. सासऱ्यांनी त्याचा हिशोब मागितला नाही, म्हणून तो माझ्याजवळच राहिला.

निकालाच्या दिवशी मी फोन केला. ते घाटावर पोचले होते.

"पास झालीस," मी म्हणालो. "इंग्रजीत मात्र गुण कसेबसेच आहेत गं. मी अजून—"

"सर, पास ते पास," ती म्हणाली, आणि फोन लांब धरून कोणाला तरी ओरडून सांगितलं. पलीकडे बराच गलका झाला. मग फोन सासऱ्यांकडे गेला.

"सर, पोरगी पुढचं शिकायचं म्हनती. कॉलेजचं बी बाहेरून व्हतं म्हनं?"

"होतं की."

"मग फॉरम भरायच्या आधी मला सांगा, पेपर कोन्त्या महिन्यात असत्यात. मी वाट ठरवतो, मग तुमी गाव टाका."

मी वही ओढून घेतली आणि म्हणालो, "महिना विचारून कळवतो. आधी सांगा, माघापासून पुढं तुम्ही कुठं कुठं असता?"

ते सावकाश एकेक गाव सांगू लागले. मधूनमधून सासूबाई मागून दुरुस्ती करत होत्या.