आगरदांड्याची रांग

जोडून सुट्ट्या आल्या की डोंबिवलीत गुदमरायला होतं, म्हणून सगळी डोंबिवली कोकणात येऊन एकत्र गुदमरते. आम्हीही निघालो. मुरुडला मुक्काम करून सकाळी आगरदांड्याच्या धक्क्यावर पोचलो. खाडीपलीकडे दिघी, तिथून पुढे श्रीवर्धन.

इथे माणसांनी उतरायचं आणि गाडी उलटी चालवत फेरीबोटीत चढवायची. रिव्हर्स घेताना आमचे यजमान, सुधीर, कुणाचंच ऐकत नाहीत. म्हणून मी "आलेच" म्हणून जवळच्या एका खानावळीकडे वळले. पुरुषांची सोय कुठल्याही माडामागे होत होती. बायकांना मात्र एकच दार, आणि त्याच्यापुढे अख्खी सुट्टी उभी!

माझ्यापुढे मुरुडच्या जुबेदाबी होत्या, मागे पनवेलची कॉलेजकन्या सानिका. गप्पा रंगल्या आणि बोटीचा भोंगा वाजला. तिघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"जाऊ दे गो," जुबेदाबी म्हणाल्या. "बोट दुसरी येईल. हा नंबर परत न्हाय येणार."

बाहेर आलो तेव्हा बोट खाडीच्या मध्यावर होती. बोटीत आमची लाल गाडी, गाडीत माझी पर्स, पर्समध्ये फोन.

"काकांचा नंबर सांगा," सानिका म्हणाली.

आठवेना. पाठ होता तो फक्त माहेरचा जुना लँडलाइन, आणि तिथे आता उचलणारं कुणी नाही.

सानिकाच्या मैत्रिणी त्याच बोटीत होत्या, पण फोन उचलत नव्हत्या. तिने मोबाइल माझ्यासमोर धरला. "काकू, बोला. व्हिडिओ पाठवते, लाल गाडीवाल्या काकांना दाखवा म्हणून."

"अहो, मी आगरदांड्यालाच राहिलेय! एकदा मागे वळून बघा तरी!"

"नि लवकर या!" मागून जुबेदाबी ओरडल्या. "बाय रडाया आलीय!"

मग त्यांनी बहिणीसाठी नेत असलेला डबाच उघडला. सांदण (नारळाच्या दुधातली, इडलीसारखी गोड वाफवलेली वडी) खाताना रडं कुठच्या कुठे गेलं.

तिकडे बोटीत सुधीरना खात्री, की मी वरच्या मजल्यावर सेल्फी काढतेय. दिघीला उतरताना सानिकाच्या मैत्रिणी धावत आल्या. "काका, या तुमच्याच ना?"

ह्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "हो. पण ही तुमच्या फोनमध्ये कशी?"

गाडी तिकडेच ठेवून ते परतीच्या बोटीने आले, धापा टाकत, काखेत माझी पर्स घेऊन. चांगलं फैलावर घ्यायचं ठरवलं होतं मी. पण त्यांचा चेहरा इतका उतरला होता, की उरलेलं सांदण मुकाट्याने त्यांच्या हातावर ठेवलं.

मला विचारून सानिकाने तो व्हिडिओ टाकला. संध्याकाळी श्रीवर्धनला खोलीची किल्ली देताना मालकीणबाई म्हणाल्या, "अय्या, त्या तुम्हीच!" व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया वाचल्या. निम्म्यांनी सुधीरना झोडपलं होतं, निम्म्यांनी मला. बाईने गाडीतून उतरावंच कशाला, म्हणे. त्या एका दाराबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

परतताना महामार्गावरच्या हॉटेलात पुन्हा तशीच रांग. या वेळी सुधीर गाडी बंद करून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. बायका बघायला लागल्या, पण हे हलले नाहीत. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाले, "दर वेळी एवढा वेळ?"

"दर वेळी."

"आणि मी बाहेर हॉर्न वाजवायचो..."

तेवढ्यात पार्किंगमधून कुणाच्या तरी नवऱ्याने कर्कश हॉर्न दिला. सुधीर गर्रकन वळले आणि सगळ्या रांगेच्या वतीने ओरडले, "थांबा हो जरा! रांग आहे इथे!"