निम्म्या कादंबरीचा जावई

मुलीचे वडील आपल्याला पारखायला आले असतील, तर त्यांना सिनेमाला नेऊ नये. नेलंच, तर सिनेमा ज्या कादंबरीवर बेतला आहे ती आधी पूर्ण वाचावी. मी निम्मी वाचली होती. (मुदत संपली म्हणून ग्रंथालयाने परत मागवली.)

रंगनाथराव लासूर स्टेशनचे भुसार व्यापारी. ज्वारीचं पोतं न उघडता आतला किडा सांगणारे. त्यांची सुनंदा मला पसंत होती, मी तिला. अडलं होतं ते फक्त त्यांच्या होकारावर. दुसऱ्या कुणी त्यांना दौलताबादचा किल्ला दाखवला असता. पण मी पडलो वाचणारा माणूस! स्कूटरवर बसवून त्यांना दुपारच्या खेळाला घेऊन गेलो.

"भुताचा हाय का?" त्यांनी पोस्टरकडे बघत विचारलं.

"नाही मामा, साध्या माणसांची गोष्ट आहे. मी वाचलीय ना. यातला नवरा बघा, कधी आवाज चढवत नाही, बायकोला रोज स्वतः दूध आणून देतो. अगदी माझा स्वभाव."

"असं व्हय," म्हणून ते त्या नवऱ्याला निरखू लागले.

मध्यंतरापर्यंत मी त्यांना कोपराने ढोसत होतो. "बघा, शालीची घडी कशी घातली!" मध्यंतरानंतर नवऱ्याने त्याच शांत चेहऱ्याने दुधात पूड ढवळली. कसली पूड, ते रंगनाथरावांना कळलं. (मलाही तेव्हाच.) मग कपाटातून त्याच्या आधीच्या बायकोचा फोटो निघाला. मग तिच्याही आधीचीचा.

रंगनाथराव उठून एक खुर्ची सोडून पलीकडे बसले.

बाहेर आल्यावर म्हणाले, "तुम्हाला राग येतच नाय म्हणा की."

"येतो ना मामा, लई येतो," मी म्हणालो, आणि पुरावा म्हणून स्कूटर स्टँडवाल्या चाचांवर धावून गेलो. "गाडी उन्हात का लावली? सीट तापलीय! कळत नाही का... अं... तुम्हाला?"

"इत्ता नक्को चिल्लाव बेटा, आवाज फट रहा," चाचा म्हणाले. "पानी पी लेव."

मी पाणी प्यायलो. वर त्यांना "शुक्रिया" म्हणालो आणि सीट स्वतःच रुमालाने पुसली.

रेल्वे स्टेशनपर्यंत रंगनाथराव स्कूटरवर माझ्यापासून वीतभर मागे सरकून बसले. मी सुनंदाची आशा सोडली. तिसऱ्या दिवशी होकार आला!

लग्नानंतर सुनंदाला विचारलं, "मामांना माझ्यात दिसलं तरी काय?"

"आबा म्हणले, पोरीला काय भ्याव नाय. त्याला साधं भांडण जमंना, खून काय जमणार?"

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. आबांचा अंदाज दोन्ही बाबतींत बरोबर निघाला.