एका कागदावरचे दोन हात

माझी नात बेळगावात डिझाइनच्या कॉलेजात जाते. तिथं नेमकं काय शिकवतात ते मला अजून कळलेलं नाही. मागच्या वर्षी तिला एक पुस्तक करून द्यायचं होतं. लिहायचं आपण, चित्रं काढायची आपण, आणि शिवायचंही आपणच, हातानं. मी म्हटलं, "दुकानात मिळत्यात की पुस्तकं."

"साड्या पण मिळत्यात की दुकानात," ती म्हणाली. "मग आपल्या वडगावात माग कशाला चालवत्यात?"



पुस्तक तिच्या आईवर होतं. तिची आई म्हणजे माझी मुलगी. ती गेली तेव्हा नात शाळेत होती. आताही नात आणि जावई माझ्याजवळच राहतात. जावई मच्छेला कारखान्यात जातो, संध्याकाळी येतो.

माझी मुलगी बीम जोडायची. मागावरचा ताणा संपत आला की नवा बीम, म्हणजे उभे दोरे गुंडाळलेला रूळ, चढवतात, आणि जुन्या ताण्याच्या एकेका दोऱ्याला नव्या बीमचा एकेक दोरा गाठावा लागतो. ताण्यात दोरे हजारोंनी असतात. ती गल्लीतल्या घराघरांत जाऊन मागापाशी मांडी घालून बसायची आणि गाठत राहायची. गाठ मारली की उरलेलं टोक अंगठ्याच्या नखानं तोडायची. त्यासाठी उजव्या अंगठ्याचं नख तिनं वाढवलेलं होतं. बाकीची सगळी कापलेली, हे एकच लांब. भाकरी थापताना ते पिठात उमटायचं. जावई ताटावर बसला की म्हणायचा, "आज चंद्रकोर न्हाय भाकरीवर. सासूबाईंनी थापलीया वाटतं." ती त्याला म्हणायची, "गप खावा."

नातीनं सोप्यात सगळा पसारा मांडला होता. पुठ्ठे, कागद, दाभण, मेण लावलेला दोरा, मैद्याची खळ. कागदाच्या घड्या घालून त्यांवर पाटा ठेवलेला. मला पाणी आणायला जायचं तरी वाट नव्हती.

"पापड घातलीस काय गं वाळत?" मी म्हटलं.

"पाय देऊ नको, आज्जी. तेवढंच कर."

पुस्तक शिवून झालं तेव्हा तिनं ते माझ्या हातात दिलं. मी चौथी शिकले आहे. सावकाश वाचते, पण वाचते. पहिल्याच पानावर तिच्या आईचा हात होता, दोरा धरलेला, अंगठ्याचं नख लांब. तो बघून मला बरं वाटलं. पुढं माग होते, गल्ली होती, डब्यातली भाकरी होती. मी एकेक पान उलटत शेवटाला आले. शेवटच्या पानावर परत हात होता. दवाखान्यातल्या चादरीवर ठेवलेला, सुई टोचून वर पट्टी लावलेली, हाडं दिसणारा. अंगठा चार बोटांच्या आत मिटून घेतलेला.

"हे पान काढ," मी म्हटलं.

"का?"

"तुझी आई असली नव्हती."

"होती की. मी बघितलंय."

तिनं बघितलं ते एकदाच. आजार वाढला तेव्हा मी तिला सदलग्याला तिच्या आत्याकडं पाठवलं होतं. पोरीनं ते सगळं बघू नये असं मला वाटलं, आणि आजही मी तिला पाठवलंच असतं. शेवटी शेवटी माझ्या मुलीनंच फार हट्ट धरला म्हणून नातीला एकदा आणून भेटवली, तेवढंच.

"कॉलेजातली परकी माणसं बघणार हे," मी म्हटलं. "पदर नीट केल्याबिगर तिनं कधी कुणाला दार उघडलं न्हाय. तिला असं मांडणार तू लोकांच्या म्होरं?"

ती भांडली नाही. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं कात्री घेतली, नुकताच शिवलेला दोरा घडीत कापला, ओढून काढला आणि सगळे कागद सुटे केले. मग सगळ्यांत बाहेरचा कागद उघडून जमिनीवर सपाट पसरला.

"बघ आता. कसं काढू सांग."

तेव्हा मला दिसलं. पुस्तकाचं पान वेगळं नसतंच. एक मोठा कागद मध्ये दुमडतात, त्याचा अर्धा भाग पुढं येतो आणि अर्धा पाठीमागं जातो. पुस्तकात ते दोन हात दोन टोकांना होते. इथं जमिनीवर शेजारी शेजारी होते, लांब नखाचा आणि सुई टोचलेला. मधे नुसती घडी.

"शेवटचं फाडलं की पहिलं सुटतंय," ती म्हणाली.

"मग पहिलं परत काढ दुसऱ्या कागदावर."

"ते काढीन गं. ते मी तुझं ऐकून काढलंय, कितीदा पण काढता येतंय." तिनं दुसऱ्या हातावर बोट ठेवलं. "हे ऐकून न्हाय काढलं. आईचं मी नीट बघितलेलं हे एवढंच हाय. तिच्या कामाकडं मी कुठं बघत होतो? खेळायला जात होतो."

मी वाकून बघत विचारलं, "अंगठा असा का काढलास, आत घेतलेला?"

"तसाच होता. लपवत होती. मी हात धरला तरी सोडीना. काय झालंय म्हटलं, तर म्हणाली, काय न्हाय, नख कापलंय."

ते नख मी कापलं होतं. औषधानं तिच्या अंगाला खाज सुटायची आणि झोपेत ती खाजवून रक्त काढायची. नर्स म्हणाली, नखं कापा. कापायलाच हवं होतं. तिनं स्वतःच हात पुढं केला आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. कापून झाल्यावर म्हणाली, "आई, हे वाढंस्तवर माझ्या बीमांवर दुसरी कुणीतरी लावू देत. पर कायमची नको म्हणून सांग." मी व्हय म्हटलं. नख परत वाढायला जेवढे दिवस लागतात तेवढे तिला मिळाले नाहीत. हे मी जावयाला सांगितलं नव्हतं. कुणालाच नव्हतं. मिटलेल्या बोटांच्या आत काय आहे ते मला एकटीला ठाऊक आहे, असं मी धरून चालले होते.

हे मी नातीला सांगितलं. ती रडली. मी रडले नाही, समोर कागद उघडा होता.

"ऱ्हाऊ दे ते," मी म्हटलं.

"दोन्ही?"

"एकच कागद हाय म्हणतीस न्हवं?"

तिनं परत शिवायला घेतलं. मी कागद दोन्ही हातांनी दाबून धरले आणि ती जुन्याच भोकांतून दाभण घालत गेली. शेवटची गाठ मारून झाल्यावर दोऱ्याचं टोक हातात धरून ती इकडं तिकडं बघायला लागली.

"आज्जी, कात्री दे गं."

मी दिली.

पुढं कॉलेजात सगळ्या पोरांची पुस्तकं टेबलांवर मांडली आणि लोक येऊन चाळून गेले. मी गेले नाही. नात संध्याकाळी घरी आली, पिशवी ठेवली, चहा घेतला. मीच विचारलं, "काय म्हणाली माणसं?"

"शिवण चांगली आलीया म्हणाली. एक सर म्हणाले, एका काम करणाऱ्या बाईचा हात आणि एका आजारी बाईचा हात, दोन बायका छान दाखवल्यास."

"मग तू काय सांगितलंस?"

"काय न्हाय."

"बरं केलंस," मी म्हटलं.

जावई अजून यायचा होता. त्यानं पुस्तक बघितलेलं नव्हतं. तिनं पुस्तक पिशवीतून काढलं आणि तो आल्यावर बसतो त्या खुर्चीवर ठेवलं. मी ते तिथनं उचललं नाही. पीठ मळायला घेतलं.